लोकांची वाहवा की देवाची शाबासकी: क्वायरमध्ये गाणाऱ्या एका मुलीला उत्तर

जय ख्रिस्त बेटा,

तू लिहिलेलं दोनदा वाचलं, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा रात्री, कारण सकाळी वाचल्यावर मला वाटलं हे तर माझंच कोणीतरी लिहून पाठवलंय.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. तू नऊ वर्षं चर्चमध्ये गातेस, रविवारी उपासना झाली की गाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतेस आणि रात्री साडेअकराला अंथरुणात पडून बघत बसतेस की कोणी कोणी बघितला आणि कोणी काहीच लिहिलं नाही. कोणी काही काम सांगितलं की हो म्हणतेस, मग घरी येऊन चिडचिड करतेस. सुदामा नगरच्या तुमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीच्या आरतीला उभी राहतेस म्हणजे शेजारच्या काकू नाराज व्हायला नकोत, आणि फोटो काढायची वेळ आली की खांबामागे सरकतेस म्हणजे चर्चवाल्यांना दिसायला नको. आणि आता या ख्रिसमसचा सोलो कॉलेजमधल्या एका नव्या मुलीला दिला, तेव्हापासून क्वायर सोडावी असं वाटतंय. पास्टर म्हणतात 'माणसांकडे बघू नको, देवाकडे बघ', आणि तू विचारतेस, काका, हे करायचं कसं, देवाकडे बघायचं म्हणजे नक्की कुठे बघायचं.

प्रश्न चांगला आहे. मी 34 वर्षं पाळकाचं काम केलं, त्यातली 22 इथे इंदूरला, आणि 'देवाकडे बघ' हे वाक्य मीसुद्धा लोकांच्या हातात प्रसादासारखं ठेवून मोकळा झालोय, त्यामुळे तुझ्या पास्टरांना मी नावं ठेवणार नाही.

आधी माझंच सांगतो. फार वर्षांपूर्वी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय घेतला होता संदेशाला. त्यात आहे ना, सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तिथे उभा राहा, तो भाग. आठवडाभर तयारी केलेली, चार पानं लिहिलेली. रविवारी वर उभा राहिलो तर पहिल्या बाकावर एक सद्गृहस्थ, नाव नको, त्यांनी त्याच वर्षी हॉलच्या छपराला मोठी रक्कम दिलेली आणि हातात खरोखरच दोन अंगठ्या. मी तिसऱ्या पानावर आलो आणि बेटा, मी ते पान उलटून टाकलं, सरळ चौथ्यावर गेलो, कोणाला कळलंसुद्धा नाही. पक्षपात करू नका या संदेशात मी पक्षपात केला. उपासनेनंतर दारात हात मिळवायला उभा होतो तेव्हा तेच गृहस्थ म्हणाले, आज फार छान बोललात पाळकसाहेब, आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नको. घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली आमची ही म्हणाली, 'आज छान म्हणणारे किती झाले, मोजले का?' मी म्हटलं काय बोलतेस. ती म्हणाली, 'सतरा. तुम्ही रोज मोजता म्हणून आज मी पण मोजले.' आणि पलासियापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

म्हणजे हा रोग गाणाऱ्यांनाच होतो असं नाही.

आता एक गोष्ट लोक चुकीची सांगतात. कोणीतरी आपल्याला बरं म्हणावं असं वाटणं हे पाप आहे असं सांगतात, मग तुझ्यासारखी माणसं आधी वाहवेसाठी झुरतात आणि वर झुरल्याबद्दल स्वतःला फटके मारतात, डबल त्रास. शास्त्रात तसं नाहीये. येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी घेतल्या आणि तिन्हींत हेच सांगितलं की गुप्तपणे कर, तुझा गुप्तदर्शी पिता तुला प्रतिफळ देईल. प्रतिफळ देईल म्हणाला, बघ. तुझी शाबासकीची भूक त्याने मारली नाही, ती कुठे भागते ते दाखवलं. आणि जे लोकांना दाखवायला करतात त्यांच्याबद्दल म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळात पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहायचे, म्हणजे हिशेब चुकता, आता काही येणं बाकी नाही. आणि आपण ज्याला ढोंगी म्हणतो तो तिथला शब्द मुळात नाटकातल्या नटाचा आहे. नटाला टाळ्या हव्यातच, पडदा पडल्यावर त्याला दुसरं काय मिळणार.

तर तू रात्री साडेअकराला जे बघत असतेस ती पावती असते. एकवीस जणांनी हात जोडल्याची खूण टाकली, चुकता. म्हणूनच पोट भरत नाही आणि पुढच्या रविवारी परत तीच भूक लागते.

दुसरी गोष्ट इस्राएलच्या पहिल्या राजाची, शौलाची, 1 शमुवेल 15. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण घाईघाईत संपवतो कारण त्यात मेंढरांच्या बें बें आवाजाची मजा असते आणि मुलं हसतात. शौलाला आज्ञा होती की अमालेकी या शत्रूंचं काही ठेवायचं नाही, त्याने राजा अगागला आणि चांगली चांगली मेंढरं ठेवून घेतली. शमुवेल संदेष्टा भेटायला निघतो तर कळतं की शौल कर्मेलला गेला होता, स्वतःचं स्मारक उभारायला! मग पकडला गेल्यावर आधी म्हणतो ते लोकांनी केलं, ते देवाला यज्ञ करायला ठेवलंय, आणि शेवटी खरं बोलतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. इथपर्यंत तरी ठीक. पण त्याच्या पुढचं 30 वं वचन वाच. त्याला सांगून झालंय की देवाने तुझं राज्य काढून घेतलं, आणि हा काय मागतो, तर मी पाप केलंय, तरी आता माझ्या लोकांच्या वडील मंडळींसमोर माझा मान राख, माझ्याबरोबर परत चल. राज्य गेलं तर गेलं, चारचौघांत नाक कापलं जायला नको. मी हे वचन पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला ते तिसरं पान आठवलं आणि पुस्तक बंद केलं.

माझ्याकडे जे कोणी हा त्रास घेऊन येतात त्यांना मी 'तू देवाला आवडायला बघतेस की माणसांना' असं विचारत नाही, कारण त्यावर सगळे देवाला म्हणतात. मी विचारतो, काय गेलं तर सहन होणार नाही? तुझं उत्तर तूच लिहिलंयस. तू नऊ वर्षांत कधी लिहिलं नसशील की प्रार्थना चुकली म्हणून झोप लागली नाही, पण सोलो गेला तर झोप गेली. हे टोचायला सांगत नाहीये, माझी स्वतःची यादी याहून वाईट आहे.

आता गणपतीचं. इथे मला जरा थांबायचंय कारण यावर लोक दोन मिनिटांत फतवा देतात. इंदूरमध्ये आपण मराठी माणसं, गणपती म्हणजे अख्ख्या गल्लीचा, अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे मिरवणुकीतले देखावे, बघायला आपण लहानपणी खांद्यावर बसून गेलोय, शेजारच्या काकूंनी तुझ्या बाळंतपणात डबे पोचवलेत, ते नातं खरं आहे. आरतीला जावं की नाही, किती जावं, प्रसाद घ्यावा का, यावर विश्वासी लोकांत मतं वेगळी आहेत आणि प्रेषित पौलाने करिंथच्या विश्वासी लोकांना मूर्तींना वाहिलेल्या पदार्थांबद्दल तीन अध्याय खर्चून लिहिलंय, 1 करिंथ 8 ते 10, ते तू सावकाश वाच आणि तुझ्या पास्टरांशी बोल. माझं स्वतःचं विचारशील तर मी आरतीत उभा राहत नाही, पण त्याआधी मांडव घालायला दोर धरतो आणि विसर्जनानंतर सगळ्यांबरोबर पोहे-जलेबी खातो, आणि हे काकूंना पहिल्या वर्षीच जाऊन सांगून टाकलं होतं. त्या वाईट मानून घेतील असं वाटलं होतं, त्या म्हणाल्या, अहो मग दोर घट्ट बांधा, मागच्या वेळी मांडव पडला होता.

पण तुझ्या बाबतीत मला आरतीपेक्षा खांब जास्त महत्त्वाचा वाटतो. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र याचं हेच झालं होतं. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासी लोकांबरोबर जेवायचा, एकदम मोकळेपणाने, आणि याकोबाकडची यहुदी माणसं यरुशलेमेहून आली तसा हळूहळू मागे सरकायला लागला, वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बर्णबासुद्धा घसरला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं. पेत्राला खरं काय ते माहीत नव्हतं असं नाही, कोण बघतंय त्यावर त्याचं ताट सरकत होतं. तुझंही तेच चाललंय, काकूंसमोर एक, चर्चसमोर एक, आणि दोन्हीकडे भीती की उघडं पडू. म्हणून आधी ठरव, मग जे ठरवशील ते दोन्ही बाजूंना एकच सांग, फोटोत दिसायचं असेल तर दिस आणि नसेल तर आरतीच्या आधीच काकूंना सांग. नीतिसूत्रे 29:25 मध्ये माणसाच्या भीतीला पाश म्हटलंय, आणि पाशाचं असं असतं की तो दोन्ही बाजूंनी ओढला की जास्त आवळतो.

यावर एक जण मला म्हणाला होता, पाळकसाहेब, म्हणजे आता आपण कोणाचं ऐकायचंच नाही, मी फक्त देवाला जबाबदार! नको रे बाबा. हे वाक्य बोलणाऱ्या माणसांनी मंडळ्या जेवढ्या फोडल्या तेवढ्या उघड पाप करणाऱ्यांनी फोडल्या नसतील, हे माझं मत आहे, पटलं तर घे. पौल गलती 1:10 मध्ये म्हणतो की मी अजून माणसांना खूश करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. आणि हाच पौल 1 करिंथ 10:33 मध्ये म्हणतो की मी सगळ्यांना सगळ्या बाबतीत संतोषवतो! एकाच माणसाची दोन वाक्यं, आणि करिंथच्या वाक्याचा शेवट वाचला की गाठ सुटते, तो म्हणतो स्वतःचं हित न बघता पुष्कळांचं हित बघतो, त्यांचं तारण व्हावं म्हणून. म्हणजे माणसाला खूश करण्यात काही बिघडलं नाही, त्यात फायदा कोणाचा चाललाय ते बघायचं. तू आजारी मावशींना सूप करून नेतेस ते त्यांना आवडावं म्हणूनच, मीठ नीट घालशीलच की. पण ते नेल्याचं रविवारी चारजणींना कळावं म्हणून स्टीलचा डबा चर्चमध्येच परत मागायचा, हे वेगळं. (हे मी बघितलंय, तुझ्याबद्दल नाही म्हणत.)

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी यासाठी नेहमी सांगतो कारण आपल्यात त्यांचा फोटो भिंतीवर असतो आणि गोष्ट कोणाला माहीत नसते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, वय वीस, सगळीकडे कौतुक. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तेच लोक उलटले. 1889 मध्ये मुंबईत विधवा बायका-मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं, आणि 1893 च्या सुमारास तिथल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून एवढं वादळ उठलं की बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. हे आपल्याला आवडतं ऐकायला, की बघा बाहेरच्यांनी छळलं. पण दुसरी बाजू सांगत नाहीत. ज्या अँग्लिकन सिस्टरनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांचं पटलं नाही, कारण न समजता एखादा सिद्धांत फक्त चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्यांनी नकार दिला, आणि तिकडूनही अहंकारी म्हणून बोलणी खाल्ली. म्हणजे हिंदू समाज नाराज, चर्च नाराज. त्या काय करत होत्या? 1896-97 च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली गोळा करून नेत होत्या, केडगावला विहिरी खणत होत्या, आणि शेवटची वर्षं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1919 मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. कौतुक मिळालं, गेलं, पदक आलं, आणि काम तेच चालू.

कसं जमलं असेल त्यांना? मला वाटतं (आणि इथे माझा सगळा अनुभव एका जागी येतो) ज्याला शाबासकी मिळवायची असते तो थकतो आणि ज्याला ती आधीच मिळालीय तो काम करतो. मार्कच्या पहिल्या अध्यायात बघ. येशू यार्देनेतून वर येतो आणि आकाशातून वाणी होते, तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्यावर मी संतुष्ट आहे. तोपर्यंत त्याने काय केलंय? त्या पुस्तकात अजून एक रोगी बरा झालेला नाही, एक उपदेश नाही, एक शिष्य नाही. लूक सांगतो वय तीसच्या आसपास, म्हणजे नासरेथात रंधा मारण्यात गेलेली वर्षं. बापाने संतोष आधी सांगितला आणि काम नंतर सुरू झालं. आपण उलटं धरून बसलोय, आधी गाऊ, मग देव खूश होईल, आणि देव बोलताना ऐकू येत नाही म्हणून लोकांकडे कान लावतो. ख्रिस्तामध्ये तुला लेक म्हणून घेतलंय ते तू गायच्या आधी, तू बेसूर असतीस तरी घेतलं असतं. हे डोक्याला कळायला पाच मिनिटं लागतात आणि हाडात उतरायला मला अजून वेळ लागतोय, त्यामुळे घाई करू नको.

तर करायचं काय. एकच गोष्ट सांगतो, दहा नाही सांगत.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत सगळ्यांना द्राक्षरस देतात त्याचे, काचेचे छोटे कप होते, एकशे वीसएक. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की लोक बाहेर चहा घेत उभे राहायचे आणि ते कप आपोआप धुतले जायचे. कोण धुतं हे मी अकरा वर्षं विचारलं नव्हतं. मग एका महिन्यात कपाट उघडलं तर कपांच्या तळाला द्राक्षरसाचा लाल चिकट डाग तसाच, मुंग्या लागलेल्या. तेव्हा कळलं की छावणीकडून टेम्पोने येणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई मागच्या मोरीत बसून कोमट पाण्यात एकेक कप बोटाने फिरवून धुवायच्या, मग जुन्या धोतराच्या फडक्यावर उलटे मांडायच्या, आणि त्या आजारी पडल्या होत्या. भेटायला गेलो, म्हटलं बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, कोणाला सांगायचं, ज्याचे कप त्याला माहीत आहेत. आणि मग लगेच विचारलं, आता कोण धुतंय, गरम पाणी घेऊ नका म्हणावं, कप तडकतात.

आपलं इंदूर 2017 ते 2023 च्या सर्वेक्षणांत सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, आपण सगळे छाती काढून फिरतो. पण सर्वेक्षणवाले आले त्या दिवशी झाडून तो नंबर येत नाही. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूची (तळलेल्या कंदाची) शेवटची कढई उतरली की जे झाडू घेऊन येतात त्यांच्यामुळे येतो, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

तुला असं एक काम शोधायचंय जे कोणाला कळणार नाही. नवऱ्याला नाही, पास्टरांना नाही, मलाही लिहून कळवू नको. तीन महिने ते कर. पहिले काही आठवडे तुला आतून खाज सुटेल की कोणीतरी बघावं, सहज विषय काढावासा वाटेल, ती खाज म्हणजेच तुझा रोग किती खोल आहे त्याचा रिपोर्ट. मला स्वतःला पाचव्या की सहाव्या आठवड्यात राहवलं नाही आणि मी हिला सांगून टाकलं, मग परत पहिल्यापासून सुरू केलं. हळूहळू असं होतं की त्या कामाच्या वेळी तू आणि प्रभू दोघंच असता आणि ते बरं वाटायला लागतं. तेव्हा 'देवाकडे बघ' म्हणजे कुठे बघायचं ते तुझं तुलाच कळेल.

व्हिडिओ टाकायचा बंद कर असं मी म्हणणार नाही, ते कोणा आजारी माणसाला घरी ऐकायला मिळतं. पण टाकून झाला की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि झोपायच्या खोलीत नेऊ नको, एवढं साधं आहे. सगळ्यांना हो म्हणण्याचंही तसंच, पुढचा महिनाभर कोणी काही सांगितलं की 'उद्या सांगते' म्हण, फक्त एवढंच. रात्रभरात तुला कळतं की हे तू प्रेमाने करणार आहेस की भीतीने. भीतीने असेल तर सकाळी नाही म्हण, कारण देऊ नको, आपण कारणं देतो तीसुद्धा आपल्याला वाईट म्हणू नये म्हणूनच.

आणि बिनकारण स्वतःला तपासत बसू नको. हे मी मुद्दाम सांगतो कारण तू प्रामाणिक आहेस आणि प्रामाणिक माणसं या खड्ड्यात पडतात, मी आत्ता हे देवासाठी केलं की लोकांसाठी, साठ टक्के की चाळीस टक्के. पौल 1 करिंथ 4 मध्ये म्हणतो की तुम्ही माझा न्याय करा की कोर्टाने करा, मला त्याचं फार काही नाही, मी तर स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. हेतू शंभर टक्के शुद्ध झाल्यावर गाईन असं ठरवलंस तर मेल्यावरच गाशील. भेसळ असू दे, गा.

राहिलं क्वायर सोडायचं. आत्ता सोडू नको. आत्ता सोडलंस तर ते रुसणं होईल आणि सगळ्यांना कळेल की रुसलीय, म्हणजे परत लोकांच्याच नजरेसाठी सोडलंस. जानेवारीत सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड. तोपर्यंत त्या मुलीचं बघ. तू लिहिलंयस की दुसऱ्या कडव्यात वर जाताना तिचा श्वास तुटतो आणि तुला ते पहिल्या प्रॅक्टिसलाच लक्षात आलं. नऊ वर्षांत तुझाही तिथे तुटत असेल आणि कोणीतरी सांगितलं असेल, 'आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द अर्धा सोड, तिथे श्वास घे'. शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं लवकर जा आणि तिला एकटीला गाठून ते सांग, बाकीचे यायच्या आत.